दक्षिणेकडे पाय

कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून माणूस किती चिडू शकतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. साक्षीदाराची साक्ष होईपर्यंत त्याला आत बसू देत नाहीत. त्यामुळे माझ्या सख्ख्या बहिणीच्या मृत्यूचा खटला चालू होता आणि आत काय चाललंय हे मला सोडून बाकी सगळ्यांना कळत होतं. मी बाहेर. शेजारी जमिनीच्या वादातले म्हातारे, पोटगीच्या तारखेला आलेली एखादी लेकुरवाळी, आणि डोक्यावर नुसताच खरखरणारा पंखा. सीबीएस स्टँडवर बसमधून उतरून चालत यायचं, शिपायाला विचारायचं, तो म्हणायचा, "बसा, पुकारतील." पुकारायचे नाहीतच. दुपारनंतर कळायचं की पुढची तारीख पडली.

बहीण माझ्याहून बरीच धाकटी, देवळ्याला दिलेली. गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन नाशिकला करायचं ठरलं, कारण मी नाशिकला. हॉस्पिटल खाजगी, नाव बरं असलेलं. सकाळी ऑपरेशन झालं, दुपारी ती शुद्धीवर येऊन माझ्याशी बोलली, आणि संध्याकाळी एका इंजेक्शननंतर गेली. तिला पेनिसिलिनच्या जातीचं औषध चालत नसे. लहानपणी एकदा दिलं होतं तेव्हा अंगभर गांध्या उठून ओठ सुजले होते. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती, आणि तिच्या फाइलवर ती लाल अक्षरांत लिहिलेली मी स्वतः पाहिली होती. तरी तिला नेमकं तेच औषध दिलं गेलं. देणारी नर्स पेठकडच्या एका खेड्यातून शिकून आलेली पोरगी. तीच आरोपी.

पोलिसांनी आधी निष्काळजीपणाचं कलम लावलं होतं. आमच्या लोकांना ते पटलं नाही. हॉस्पिटलच्या दारात सगळे बसले, प्रेत ताब्यात घेणार नाही म्हणाले, देवळ्याहून दोन गाड्या भरून माणसं आली, पुढारीही आले. मग कलम वाढलं. सदोष मनुष्यवध. म्हणजे लाल अक्षरं दिसत असूनही पोरीने जाणूनबुजून सुई टोचली. का टोचली, याचं उत्तर देण्यासाठी मग पुढे आमच्या घरात रोज एक नवी गोष्ट तयार होऊ लागली.

त्या गोष्टींचा कारखाना माझा भाचा चालवत होता. बहिणीचा थोरला मुलगा, पुण्याला कंपनीत, हुशार, आईवेडा. त्याने मोबाइलवर नातेवाइकांचा ग्रुप काढला होता, आणि त्यात दिवस उगवला की एक शंका उगवायची. मुख्य सिद्धांत असा: ऑपरेशन चुकलं, आत रक्तस्राव सुरू झाला, डॉक्टरांना कळलं की आता बाई वाचत नाही आणि आपलं नाव खराब होणार. म्हणून नर्सला सांगून इंजेक्शन देववलं, म्हणजे मरण औषधावर जाईल आणि हात झटकता येतील. डॉक्टरांचं नाव आरोपपत्रात नव्हतं. यावरून तर सिद्धांत पक्काच झाला. "मामा, नाव का नाही? विचार करा ना," भाचा म्हणायचा.

मी विचार करत होतो. तोच तर त्रास होता. ओझरच्या विमान कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, नकाशाशी ताडून बघायचा, चुकला असेल तर कुठे आणि का चुकला ते शोधायचं. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो. घरी बायको भाजीत मीठ जास्त पडलं म्हणाली तरी मी विचारतो, कुठल्या चमच्याने घातलं? पण एक सवय चांगली लागते. कुणी शंका घेतली की विचारायचं, ही शंका खरी असती तर आपल्याला काय दिसलं असतं? आणि मग ते दिसतंय का ते बघायचं.

मी भाच्याच्या एकेका शंकेला हा प्रश्न विचारत बसलो. ऑपरेशन चुकलं असतं तर शवविच्छेदनात पोटात रक्त सापडलं असतं. नव्हतं. टाके स्वच्छ होते, आतलं सगळं जागेवर होतं, आणि घसा आणि फुप्फुसं सुजलेली होती, जशी औषध न सोसल्यावर सुजतात. भाचा म्हणाला, शवविच्छेदन करणाराही डॉक्टरच ना. बरं. व्हरांड्यातला कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद होता, हे त्याचं दुसरं हुकमी पान. तो दुरुस्त करणारा माणूस साक्षीला येऊन सांगून गेला की कॅमेरा पावसाळ्यापासूनच बंद होता, आणि मालक आज-उद्या करत होते. यात मला कंजूषपणा दिसला, कट दिसला नाही. भाचा म्हणाला, म्हणजे पावसाळ्यापासून बंद ठेवला होता! आता यावर काय बोलणार? माझी बहीण तेव्हा आजारीही पडली नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर पळून गेले, असं सटाण्याच्या कुणीतरी सांगितलं होतं. ते वरच्या मजल्यावर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते, त्या पेशंटचे नातेवाईक सांगायला तयार होते. नर्सला आधी फोन आला होता म्हणे. आला होता, तिच्या आईचा. पण प्रत्येक उत्तरातून ग्रुपवर एक नवा माणूस कटात सामील व्हायचा. दुरुस्तीवाला सामील, शवविच्छेदनवाला सामील, वरच्या मजल्यावरचे पेशंटही सामील. अशाने शेवटी आपल्याशिवाय जगात कुणी उरत नाही, हे त्या पोराला कळत कसं नव्हतं? मी एकदा तसं लिहिलं. खाली कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि लिहिलं, मोठ्यांनी धीर द्यावा.

दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, या सगळ्यात कधी बोलत नसत. फिर्याद त्यांचीच होती. त्यांची साक्ष सगळ्यात आधी झाली, त्यामुळे त्यांना आत बसता यायचं. बाहेर आले की ते माझ्याशेजारी बसत, गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत. मला वाटायचं, माणूस दुःखात आहे. भाचा नवीन काही सांगू लागला की ते फक्त मान हलवायचे. त्या मान हलवण्याचा मी अर्थ लावला नाही.

त्यांच्या साक्षीनंतर भाचा हसत बाहेर आला होता ते आठवतं. "मामा, त्या नर्सचा वकील काय म्हणतो माहितीये? पलंगच बदलला होता म्हणे! आई दुसऱ्याच पलंगावर झोपली होती म्हणे! काय वाट्टेल ते." मीही हसलो. मी दुपारी बहिणीला भेटलो तेव्हा ती खिडकीखालच्या पलंगावर होती, एक नंबरच्या. मी तिथेच खिडकीत उभा राहून खालच्या रिक्षा बघत मोसंबं सोललं होतं. त्या खोलीत दोनच पलंग होते. एक खिडकीच्या भिंतीला, दुसरा समोरच्या भिंतीला, संडास-बाथरूमच्या दाराला लागून. दोन नंबरवर नांदगावकडची एक बाई होती, माझ्या बहिणीच्याच वयाची, तिचंही त्याच दिवशी ऑपरेशन झालं होतं. जे औषध बहिणीला गेलं ते त्या बाईचं होतं. हॉस्पिटलच्या मॅनेजरने शपथेवर सांगितलं की आमच्याकडे पेशंट असा परस्पर हलवता येत नाही, नर्स चुकीच्या पलंगाकडे गेली. दाजींनीही सांगितलं, पलंग बदलला नव्हता. दोन्ही बाजू एकमेकांच्या वैरी, आणि या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत. इथेच माझं डोकं चालायला हवं होतं. नाही चाललं.

नर्स जामिनावर होती. तीही तारखेला यायची, वडलांबरोबर, आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसायची. आमच्या लोकांनी मला बजावून ठेवलं होतं की तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही. मला बोलायचंही नव्हतं. ती दिसली की मी मान फिरवायचो. पण व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचा नळ एकच, आणि तहान दोघांनाही लागते.

एका तारखेला मी बाटली भरत होतो आणि ती मागे येऊन उभी राहिली. मी बाजूला झालो. ती पाणी न भरता तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मी फाइल बघितली होती. त्या पलंगाच्या फाइलवर लाल काही नव्हतं."

माझा संयम सुटला. "मी डोळ्यांनी पाहिलंय लाल. दुपारी. खिडकीखाली, पलंगाला अडकवलेली होती फाइल. खोटं किती बोलशील?"

"खिडकीखाली नव्हत्या हो त्या," ती म्हणाली. आवाज रडका नव्हता, उलट माझ्याइतकाच वैतागलेला होता. तेच तेच सांगून माणसाचा होतो तसा. "मी संध्याकाळच्या पाळीला आले. त्या बाथरूमच्या दाराशी होत्या, दोन नंबरला. मी 'दोन नंबर ना?' विचारलं, त्या झोपेत 'हं' म्हणाल्या. नाव नाही विचारलं, ती माझी चूक. पण त्या तिथेच होत्या. बाथरूमचं पाणी बाहेर आलं होतं, मी मावशींना पुसायला सांगितलं होतं, तेवढ्यात..."

तिच्या वडलांनी हाक मारली. ती गेली. मी बाटली हातात धरून उभा राहिलो, आणि मला माझे मोजे आठवले.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा मी धावत पोचलो होतो. खोलीच्या बाहेर बूट काढले. असल्या वेळीही हात सवयीने बुटांकडे जातात. आत गेलो, तिच्या पलंगाला धरून उभा राहिलो, तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. आणि पायांखाली ओलं होतं. मोजे पार भिजले होते. घरी येऊन ते मी पिळून दोरीवर टाकले होते, हे मला स्वच्छ आठवत होतं. ते पाणी खिडकीपर्यंत आलेलं असणं शक्य नव्हतं. मी बाथरूमच्या दाराशी उभा होतो. ती बाथरूमच्या दाराशी होती.

कारखान्यात असं व्हायचं. दिसायला अगदी सारखे दोन भाग, एक भट्टीतून निघालेला, एक अजून जायचा. एकाने मोजलं तर बरोबर, दुसऱ्याने मोजलं तर चूक, आणि दोघं हमरीतुमरीवर. दोघंही खरं बोलत असतील तर एकच निष्कर्ष निघतो, की मधे कुणीतरी ट्रे बदलला. माणसांना शिव्या देण्याआधी ट्रे बघायचा, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. इतके महिने मी कॅमेरे आणि फोन बघत बसलो, आणि ट्रे माझ्या पायाखाली ओला होता. मला स्वतःचा इतका राग आला की मी ती बाटली तशीच नळावर विसरलो.

मी दाजींना जिन्याखाली गाठलं. सरळ विचारलं, "पलंग बदलला होता ना?"

त्यांनी वर जिन्यावर कुणी आहे का ते वाकून पाहिलं. मग म्हणाले, "दादा, तो विषय काढू नका. आई जगायची नाही."

मग सगळं बाहेर आलं. दुपारी मी गेल्यावर त्यांच्या आई, बहिणीच्या सासूबाई, देवळ्याहून पोचल्या. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांना दिसलं की सुनेचं डोकं उत्तरेला आहे आणि पाय दक्षिणेकडे. आपल्याकडे असं फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात. त्या हादरल्या. ऑपरेशन झालेलं माणूस असं झोपवतात का? समोरच्या पलंगाचं डोकं दक्षिणेला होतं. नांदगावच्या मंडळींना विचारलं, ते तर आनंदाने तयार झाले. त्यांना बाथरूमच्या वासापासून सुटका आणि वर खिडकी मिळत होती. दिवसपाळीच्या नर्सबाई म्हणाल्या, करा, पण गडबड करू नका. दाजींनी आणि नांदगावच्या पोरांनी चादरीसकट बायका उचलून इकडच्या तिकडे केल्या. फाइली पलंगांना अडकवलेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. पाळी बदलली. त्या हॉस्पिटलात पेशंटला नावाने कुणी हाक मारत नव्हतं, सगळं नंबरावर. औषधाचा ट्रेही नंबरावरच.

"मग तुम्ही कोर्टात नाही म्हणून सांगितलंत?" माझा आवाज चढला. "शपथ घेऊन?"

"काय सांगू? माझ्या आईमुळे माझी बायको गेली म्हणून सांगू?" दाजी म्हणाले. "आणि ऑपरेशन चुकलंच नसेल कशावरून? पोरगा म्हणतो त्यात काहीतरी असेलच की."

मला त्यांची कीव आली आणि कानाखाली वाजवावीशीही वाटली, दोन्ही एकाच वेळी. पोरगा ज्या कटाच्या मागे लागला होता तो खोटा आहे हे बापाला माहीत होतं, आणि तरी त्याने तो वाढू दिला, कारण त्या आडोशाला म्हातारी सुरक्षित होती. हॉस्पिटलनेही पलंगाची गोष्ट लपवली, स्वतःचा ढिसाळपणा झाकायला. म्हणजे झाकाझाक झाली होतीच. फक्त भाचा शोधत होता ती नव्हती, आणि निम्मी आमच्याच घरात चालू होती. आणि या दोन्हींच्या मधे ती पोरगी सापडली होती. नाव विचारलं नाही ही तिची चूक. पण तिच्यावर आरोप जाणूनबुजून मारल्याचा होता, आणि लाल अक्षरांची ती फाइल तिच्याविरुद्ध सगळ्यात मोठा पुरावा होती. ती फाइल तिच्या समोर कधी नव्हतीच.

सासूबाईंनी माझ्या बहिणीला काही कमी केलं नव्हतं. बाळंतपणं त्यांनीच काढली. माहेरी पाठवताना कांदे, शेंगदाणे, तूप बांधून द्यायच्या आणि वर म्हणायच्या, लवकर पाठवा, मला करमत नाही. त्यांचं नाव मी कोर्टात घ्यायचं? सुनेला चांगलं व्हावं म्हणून केलेल्या गोष्टीसाठी? बसमध्ये, जेवताना, आंघोळ करताना मी याच्यावर चरफडत होतो. मला कुणी विचारून या पेचात टाकलं नव्हतं.

सरकारी वकील मॅडमना भेटून सांगावं म्हटलं. त्या फाइलींच्या गठ्ठ्यामागून म्हणाल्या, "तुमच्या पोलीस जबाबात पलंगाचा उल्लेख नाही."

"कुणी विचारलंच नव्हतं."

"आता वेगळं सांगितलंत तर मला तुम्हाला फितूर घोषित करून उलटतपासणी घ्यावी लागेल. कळतंय ना? मयताचा सख्खा भाऊ फितूर." त्यांनी चष्मा काढला. "मी असं म्हणेन, तुम्ही घरी विचार करा."

फितूर. सगळी नोकरी मापातल्या केसाइतक्या फरकावरून भांडण्यात गेली, आणि शेवटी पदवी ही मिळणार होती.

माझी साक्ष झाली तेव्हा उन्हाळा लागला होता. पुकारा झाला, आत गेलो, शपथ घेतली. मॅडमनी लाल अक्षरांबद्दल विचारलं, मी पाहिली म्हणून सांगितलं. मग नर्सचे वकील उठले. थकलेला माणूस, बहुधा दाजींच्या उत्तरानंतर त्यांनी आशा सोडली असावी. सवयीने विचारल्यासारखं विचारलं, "मृत्यूच्या वेळी तुमची बहीण दोन नंबरच्या पलंगावर होती, हे खरं आहे का?"

दाजी मागच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"खरं आहे," मी म्हणालो. "दुपारी ती खिडकीखाली होती. संध्याकाळी बाथरूमच्या दाराशी. मी दोन्ही वेळा पाहिली."

वकिलांनी कागद खाली ठेवले. मागे गलका झाला. न्यायाधीशांनी गप्प केलं आणि मला विचारलं, "पलंग कुणी बदलला? का?"

"ते मी पाहिलेलं नाही, साहेब."

"मग ऐकीव सांगू नका," ते म्हणाले. त्या क्षणी मला कायद्याचा पहिला आणि शेवटचा आधार वाटला.

मग मॅडमनी मला फितूर घोषित करायची परवानगी मागितली आणि माझ्यावर तुटून पडल्या. हॉस्पिटलचा माणूस घरी आला होता का? आरोपीशी नळावर काय बोलणं झालं? म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं आणि सांगितलं होतं. मी मोज्यांचं सांगितलं तेव्हा कोर्टात दोघं-तिघं हसले. हसू देत. ओल्या मोज्याला कुणी मॅनेज करू शकत नाही, असं मी म्हणालो. ते लिहून घेतलं गेलं नाही.

माझ्या साक्षीनंतर न्यायाधीशांनी नांदगावच्या बाईला बोलावणं पाठवलं. ती आली, डोक्यावरून पदर घेऊन, आणि कोर्टाचं दडपण न बाळगता म्हणाली, "बदलला ना पलंग. त्यायच्या सासूबाई म्हनल्या, उत्तरेला डोकं नको. आमाले खिडकी भेटली, आमाले बरंच झालं." पोलिसांना का नाही सांगितलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पोलिसांनी इचारलं, सुई देताना पाहिलं का. म्या झोपेत व्हते. पलंगाचं कोनी इचारलंच नाय."

एका बाईला एक प्रश्न विचारायला इतका काळ लागला. तेवढ्या काळात ती पोरगी कोठडीत राहून आली होती, तिच्या लग्नाची बोलणी फिसकटली होती, तिच्या बापाच्या चपलांचे तळ झिजले होते. मी पुन्हा येऊन त्याच बाकावर बसलो. आता आत बसता येत होतं, पण इच्छा राहिली नव्हती.

निकालात सदोष मनुष्यवध टिकला नाही. निष्काळजीपणा टिकला, आणि कोठडीत काढलेले दिवस शिक्षेत धरून तिला सोडलं. नर्सची नोकरी तिला पुन्हा कुठे मिळेल का, ते कुणी सांगू शकलं नाही. गडबड करू नका म्हणणाऱ्या दिवसपाळीच्या नर्सबाई तोवर दुसऱ्या हॉस्पिटलात लागल्या होत्या. आणि निकालाच्या संध्याकाळी भाच्याने ग्रुपवर लिहिलं की मामांना हॉस्पिटलने मॅनेज केलं, नांदगावच्या बाईलाही. त्यानंतर मला ग्रुपमधून काढून टाकलं. मी कटात सामील झालो होतो. माझा नंबर लागला होता इतकंच.

वर्षश्राद्धाला मला बोलावलं नव्हतं. तरी काही दिवसांनी मी देवळ्याला गेलो. म्हातारीला आता सगळं कळलं असणार, गावात काय लपतं, आणि शिव्या खायच्या तर समोर बसून खाव्यात असं ठरवलं होतं. घर नवं, स्लॅबचं, मागे कांद्याची चाळ. दाजी चाळीत होते, मला पाहून आत आले नाहीत. सासूबाई पुढच्या खोलीत आपल्या पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी चहा सांगितला. माझ्या बायकोची चौकशी केली. मग म्हणाल्या, "त्या पोरीचं काय झालं?"

"कुठल्या?"

"सुई देनारी. मला कोनी सांगतच नाय. इचारलं का उठून जात्यात."

"सुटली, मावशी."

"बरं झालं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "म्याच म्हनलं व्हतं पलंग बदला. पोलीस आले तवा सांगनार व्हते, तं माह्या पोरानं मला आत बसवलं. म्हने आईला बरं नाय. मला काय झालं व्हतं? धडधाकट व्हते. कोनी इचारलं असतं तं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं."

मी चहाचा कप खाली ठेवायला वाकलो आणि तेव्हा माझं लक्ष फरशीवर गेलं. पलंगाच्या लोखंडी पायांचे गंजाचे गोल डाग पलीकडच्या बाजूला होते, जुने, पुसट झालेले. पलंग फिरवलेला होता, आणि तोही अलीकडे नाही. घराचं दार पूर्वेला. उशी उत्तरेच्या भिंतीला टेकलेली होती.

"हा कधी फिरवला, मावशी?"

"तिचं तेरावं झालं, पाव्हणे गेले, तवा."

म्हणजे कोर्टात पहिली तारीख पडली त्याच्याही आधी. ज्या गोष्टीपासून त्यांना वाचवायला मुलगा खोटं बोलला, नातू रात्रंदिवस कट जुळवत बसला, आणि एक पोरगी खुनी ठरायची वेळ आली, ती गोष्ट या बाईंना सगळ्यांच्या आधी माहीत होती.

मी उठलो आणि पलंगाची एक बाजू धरली. "उठा जरा, मावशी."

त्या उठल्या नाहीत. "राहू द्या," म्हणाल्या. उशी सारखी केली आणि माझ्या देखत आडव्या झाल्या, पाय दक्षिणेकडे करून.